डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे विद्यार्थिजीवन व परदेशातील उच्च शिक्षण

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल १८९१, महू – ६ डिसेंबर १९५६, दिल्ली) हे अर्थशास्त्रज्ञ, कायदेपंडित, समाजसुधारक व भारतीय राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. १९१३ ते १९२३ या दशकात त्यांनी न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि लंडनमधील ग्रेज इन या तीन संस्थांत उच्च शिक्षण घेतले. या शिक्षणाचा खर्च संस्थानी शिष्यवृत्ती, स्वतःच्या वेतनातील बचत, राजाश्रय आणि मित्राकडून घेतलेले कर्ज यांतून भागला. पैसा संपल्यामुळे हे शिक्षण दोनदा अर्ध्यावर थांबले आणि दोन्ही वेळा त्यांनी ते पुढे पूर्ण केले. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनातील या कालखंडाची व त्यातून पुढे आलेल्या शैक्षणिक कार्याची माहिती दिली आहे.

बालपण व मुंबईतील शिक्षण

आंबेडकरांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे या गावचे. वडील रामजी मालोजी सकपाळ हे लष्करात सुभेदार होते व लष्करी शाळेत त्यांनी अध्यापनही केले होते. भीमराव हे रामजी व भीमाबाई यांचे चौदावे अपत्य. निवृत्तीनंतर हे कुटुंब काही काळ दापोलीस व पुढे साताऱ्यास राहिले. भीमाबाईंचे निधन साताऱ्यातच झाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. हा दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

पुढे रामजींनी मुलांच्या शिक्षणासाठी मुंबई गाठली. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत असे. मुलाला अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून वडील त्याला लवकर झोपवीत व उत्तररात्री उठवीत. पुस्तकांसाठी हाती पैसे नसले, तर रामजी आपल्या विवाहित मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणून गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन हाती आले की तो सोडवून परत करीत. एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलाने ही परीक्षा उत्तीर्ण होणे ही असामान्य घटना होती. तिच्यानिमित्त सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कारसभा झाली. सभेस उपस्थित असलेले लेखक व शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले.

महाविद्यालयीन शिक्षणाचा भार रामजींना पेलणारा नव्हता. केळुसकरांनी मध्यस्थी केल्यावर बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी भीमरावांस दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. एल्फिन्स्टन कॉलेजमधील प्रा. म्युलर यांनीही पुस्तके व कपडे देऊन त्यांना मदत केली. शाळेत संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही अस्पृश्यतेमुळे तो विषय त्यांना घेऊ दिला गेला नव्हता, म्हणून त्यांना फारसीचा अभ्यास करावा लागला. १९१२ च्या बी.ए. परीक्षेत ते उत्तीर्ण झाले. १९०६ साली त्यांचा रमाबाईंशी विवाह झाला होता आणि डिसेंबर १९१२ मध्ये पुत्र यशवंत याचा जन्म झाला.

बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती व करार

जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोदा संस्थानाच्या सेवेत रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली व ते मुंबईस परतले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले. घरातील कर्ता पुरुष गेला होता आणि ज्या नोकरीवर घर चालावे तेथील वागणूक अपमानाची होती.

याच सुमारास सयाजीरावांनी काही होतकरू विद्यार्थ्यांना संस्थानाच्या खर्चाने अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठविण्याचे ठरविले. भीमरावांची निवड या विद्यार्थ्यांत झाली. ४ जून १९१३ रोजी त्यांनी संस्थानाशी करार केला. नेमून दिलेल्या विषयांचा अभ्यास करणे व शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची सेवा करणे, या करारातील प्रमुख अटी होत्या. शिष्यवृत्तीची रक्कम दरमहा साडेअकरा पौंड व मुदत तीन वर्षांची, म्हणजे जून १९१३ ते जून १९१६ अशी होती. विद्यापीठ कोणते, विषय कोणते व पुढील दहा वर्षे नोकरी कोठे, हे तिन्ही प्रश्न या एका करारपत्राने सुटले होते. मात्र मुदत संपल्यावर शिक्षण अपुरे राहिले तर काय, या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. पुढील सर्व अडचणींचे मूळ तेथेच होते.

कोलंबिया विद्यापीठ (१९१३–१९१६)

जुलै १९१३ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. प्रथम ते विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात उतरले. तेथील जेवण न मानवल्यामुळे ते काही दिवस कॉस्मॉपॉलिटन क्लबमध्ये व नंतर लिव्हिंगस्टन हॉलमध्ये राहिले. लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांची मैत्री झाली. ही मैत्री आयुष्यभर टिकली आणि पुढे त्यांच्या लंडनमधील शिक्षणाचा आधारही ठरली.

साडेअकरा पौंडांत निवास, भोजन, पुस्तके व कपडे यांचा खर्च भागवून घरीही पैसे पाठवावे लागत. त्यामुळे भीमरावांनी करमणुकीवरचा खर्च जवळजवळ बंद केला व जेवणातही काटकसर केली. पुस्तकांच्या बाबतीत मात्र त्यांनी हात आखडता घेतला नाही. न्यूयॉर्कमधील जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार ग्रंथ जमविले, असे त्यांचे चरित्रकार नोंदवितात.

कोलंबियात त्यांनी प्रामुख्याने अर्थशास्त्राचा अभ्यास केला. त्याच्या जोडीला इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र व राज्यशास्त्र या विषयांचे अभ्यासक्रमही घेतले. सार्वजनिक वित्तव्यवहाराचे अभ्यासक एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञ जॉन ड्यूई, इतिहासकार जेम्स शॉटवेल व मानववंशशास्त्रज्ञ अलेक्झांडर गोल्डनवायझर हे त्यांचे प्राध्यापक होते. १९१५ साली त्यांना एम.ए. ही पदवी मिळाली. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती व विकास या विषयावर निबंध वाचला. हा निबंध पुढील वर्षी 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

१९१६ मध्ये भारताच्या राष्ट्रीय लाभांशाविषयीचा त्यांचा प्रबंध पीएच.डी.साठी स्वीकारला गेला. परंतु प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठास सादर केल्याशिवाय पदवी प्रदान न करण्याचा कोलंबियाचा तेव्हा नियम होता. छपाईचा खर्च करण्यास भीमरावांजवळ पैसे नव्हते. त्यामुळे प्रबंध मान्य होऊनही प्रत्यक्ष पदवीसाठी त्यांना अकरा वर्षे थांबावे लागले.

लंडनमधील पहिला मुक्काम (१९१६–१९१७)

शिष्यवृत्तीची मुदत संपत आली, तेव्हा भीमरावांनी लंडनमध्ये पुढील अभ्यास करण्यासाठी मुदतवाढ मागितली. कोलंबियाची निवड संस्थानाची होती, तर लंडनची निवड त्यांची स्वतःची होती. अर्थशास्त्रातील संशोधन व बॅरिस्टरीचे शिक्षण ही दोन्ही उद्दिष्टे तेथे एकाच शहरात साधणार होती. शिवाय ब्रिटिश राजवटीच्या अर्थव्यवहाराची मूळ कागदपत्रेही लंडनमध्येच उपलब्ध होती. संस्थानाने एका वर्षाची मुदतवाढ मंजूर केली.

सेलिग्मन यांनी लंडनमधील अर्थशास्त्रज्ञांच्या नावे परिचयपत्रे दिली. ऑक्टोबर १९१६ मध्ये भीमरावांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये व त्याच सुमारास कायद्याच्या शिक्षणासाठी ग्रेज इनमध्ये प्रवेश घेतला. पहिले महायुद्ध तेव्हा ऐन भरात होते. १९१७ च्या उन्हाळ्यात शिष्यवृत्ती संपल्याचे व परत यावे लागेल असे संस्थानाच्या दिवाणांकडून कळविण्यात आले. अभ्यास अर्धवट सोडताना भीमरावांनी लंडन विद्यापीठाकडून एक सवलत मात्र मिळविली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पुढे चालू करण्याची परवानगी त्यांना देण्यात आली. पुढील तीन वर्षांतील त्यांची सारी धडपड या मुदतीच्या आत परतण्यासाठी होती.

ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईस पोहोचले. त्यांचे सामान व पुस्तके वेगळ्या बोटीने येत होती. ती बोट युद्धात पाणतीराने बुडविली गेली आणि जमविलेल्या ग्रंथसंग्रहाचा मोठा भाग समुद्रात नष्ट झाला. हरवलेल्या सामानाबद्दल टॉमस कुक कंपनीकडून सहाशे रुपये भरपाई मिळाली. ही रक्कम त्यांना घरखर्चासाठी व बडोद्यास जाण्यासाठी वापरावी लागली.

बडोद्यातील नोकरी

करारानुसार भीमराव सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यास गेले. महाराजांचे लष्करी सचिव म्हणून त्यांची नेमणूक झाली. कालांतराने त्यांना संस्थानाच्या अर्थखात्याची जबाबदारी देण्याचा विचार होता. प्रत्यक्षात कचेरीतील शिपाई विटाळाच्या भीतीने त्यांच्या मेजावर कागदपत्रे दुरून फेकीत. पिण्याचे पाणीही त्यांना सुखाने मिळत नसे. शहरात अस्पृश्याला घर भाड्याने देण्यास कोणी तयार नव्हते. अखेर ते पारशी असल्याचे भासवून एका पारशी धर्मशाळेत राहिले.

अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव धर्मशाळेत आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची त्यांना ताकीद मिळाली. एक हिंदू व एक ख्रिस्ती अशा दोन परिचितांकडे त्यांनी आश्रय मागितला. दोघांनीही सबबी सांगितल्या. मुंबईच्या गाडीला अवकाश होता. ते काही तास त्यांनी शहरातील कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजी बागेत, बसून काढले. दोन खंडांतील विद्यापीठांत शिकून आलेल्या अधिकाऱ्याला त्या शहरात रात्रीपुरता निवारा मिळू शकला नाही. या घटनेचे वर्णन त्यांनी पुढे आपल्या आत्मकथनपर लेखनात केले आहे. दहा वर्षांच्या सेवेची कराराची अट अशा रीतीने काही दिवसांतच निष्फळ ठरली.

पुन्हा लंडनसाठी निधीची जुळवाजुळव

मुंबईस परतल्यावर आंबेडकरांनी खासगी शिकवण्या केल्या. शेअरबाजारातील व्यवहारांबाबत सल्ला देणारी पेढीही त्यांनी सुरू केली. चालक अस्पृश्य असल्याचे समजताच ग्राहक येईनासे झाले व पेढी बंद पडली.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची तात्पुरती नेमणूक झाली. वेतन दरमहा ४५० रुपये होते. त्या काळच्या मानाने हे वेतन चांगले होते, तरीही कुटुंब परळमधील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतच राहत होते. वेतनातील ठरावीक रक्कम रमाबाईंच्या हाती देऊन उरलेले पैसे आंबेडकर लंडनच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवीत. रमाबाईंनी अल्प रकमेत प्रपंच चालविला. या शिक्षणाच्या खर्चातील त्यांचा वाटा कोणत्याही करारपत्रात नोंदलेला नाही.

याच काळात कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांच्याशी आंबेडकरांचा परिचय झाला. शाहू महाराजांच्या साहाय्याने ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू झाले. मार्च १९२० मध्ये झालेल्या माणगाव परिषदेस महाराज स्वतः उपस्थित होते. त्याच महिन्यात आंबेडकरांनी सिडनहॅममधील पद सोडले. स्वतःची बचत, शाहू महाराजांनी दिलेले अर्थसाहाय्य व नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज या तिन्हींच्या बळावर ते जुलै १९२० मध्ये लंडनला रवाना झाले. विद्यापीठाने दिलेल्या चार वर्षांच्या मुदतीपैकी तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष शिल्लक होते.

लंडनमधील दुसरा मुक्काम (१९२०–१९२३)

या वेळी दरमहा येणारी शिष्यवृत्ती नव्हती. गाठीशी असलेली रक्कम संपण्यापूर्वी पदव्या मिळविणे भाग होते. आंबेडकर स्वस्त खाणावळीवजा घरात राहत. सकाळच्या न्याहारीस पावाचा तुकडा, मुरंबा, थोडी मासळी व चहा मिळे. रात्री भूक लागली की परिचिताने दिलेले पापड पत्र्याच्या तुकड्यावर भाजून ते खात. दिवसाचा बहुतेक वेळ ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जाई. ते उघडताच आत शिरावे व बंद होताना बाहेर पडावे, असा त्यांचा क्रम होता. १९२१–२२ मध्ये ते लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात राहिले.

दुसरे संकट चलनाच्या विनिमय दराचे होते. १९२० मध्ये भारत सरकारने रुपयाचा दर दोन शिलिंग ठरविला. तो टिकला नाही आणि १९२१ मध्ये बाजारातील दर सोळा पेन्सच्या आसपास व त्याहूनही खाली आला. एका पौंडाचे वीस शिलिंग व एका शिलिंगचे बारा पेन्स होत असल्यामुळे, दोन शिलिंग दराने पाच हजार रुपयांचे पाचशे पौंड होत असत. सोळा पेन्स दराने त्याच रकमेचे सुमारे ३३३ पौंडच होत. रुपयांत साठविलेल्या पैशावर लंडनमध्ये शिकणाऱ्या प्रत्येक भारतीय विद्यार्थ्याला या घसरणीची झळ बसली. ४ सप्टेंबर १९२१ रोजी आंबेडकरांनी शाहू महाराजांना पत्र लिहून ही अडचण कळविली. कायद्याच्या शिक्षणाचे शुल्क व परतीचा प्रवास यांसाठी त्यांनी दोनशे पौंड कर्जाऊ मागितले व ते व्याजासह फेडण्याची तयारी दर्शविली. रुपयाचा प्रश्न हाच याच काळात त्यांच्या संशोधनाचा विषय होता.

जून १९२१ मध्ये ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताच्या विकेंद्रीकरणावरील प्रबंधासाठी त्यांना लंडन विद्यापीठाची एम.एस्सी. पदवी मिळाली. १९२२ मध्ये ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध त्यांनी डी.एस्सी. पदवीसाठी सादर केला. जर्मनीतील बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव नोंदविले होते, परंतु तेथील अभ्यास पूर्ण होऊ शकला नाही.

डी.एस्सी.च्या परीक्षकांनी प्रबंधाची काही भागांत फेरमांडणी करण्यास सांगितले. तोवर जवळचे पैसे संपले होते. त्यामुळे एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईस परतले व येथूनच सुधारित प्रबंध लंडनला पाठविला. मूळ निष्कर्ष त्यांनी बदलले नाहीत. वर्षअखेरीस प्रबंध मान्य होऊन त्यांना डी.एस्सी. पदवी मिळाली. प्रबंध त्याच वर्षी लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला. त्यास प्रा. एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे. आंबेडकरांनी हा ग्रंथ आपल्या आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला.

वकिलीची सनद घेण्यासही त्यांच्याजवळ पैसे नव्हते. या वेळीही नवल भथेना मदतीस आले. १९२५ मध्ये ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह छापला गेला. शिक्षणासाठी केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून तो सयाजीराव गायकवाड यांना अर्पण केलेला आहे. या छापील ग्रंथाच्या आधारे कोलंबिया विद्यापीठाने १९२७ मध्ये त्यांना पीएच.डी. पदवी प्रदान केली.

सोलापूरचे वसतिगृह

जुलै १९२४ मध्ये मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली. अस्पृश्य समाजात शिक्षणाचा प्रसार करणे व त्यासाठी वसतिगृहे, वाचनालये चालविणे हे सभेच्या उद्दिष्टांत अग्रभागी होते. सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूर येथे माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. खेड्यातील मुलाला हायस्कूलचे शिक्षण घ्यायचे तर शहरात यावे लागे आणि शहरात त्याला भाड्याने जागा मिळत नसे. बडोद्यात आंबेडकरांना जो अनुभव आला, तोच या मुलांच्या वाट्याला शाळकरी वयात येत होता.

वसतिगृहातील विद्यार्थ्यांच्या जेवणाचा, कपड्यांचा व वह्यापुस्तकांचा खर्च सभेकडून केला जाई. सोलापूर नगरपालिकेने वसतिगृहास दरमहा चाळीस रुपयांचे अनुदान दिले. येथील विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिकही चालविले. परदेशातील पदव्या पूर्ण झाल्यानंतर दोन वर्षांच्या आत उभे राहिलेले हे वसतिगृह आंबेडकरांच्या संस्थात्मक शैक्षणिक कार्यातील आरंभीच्या टप्प्यांपैकी एक आहे.

शिष्यवृत्त्यांविषयीचे कार्य

१९४२ ते १९४६ या काळात आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी अनुसूचित जातींच्या तक्रारींचे निवेदन व्हाइसरॉय लिनलिथगो यांना सादर केले. विज्ञान व तंत्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी दोन लाख रुपये आणि परदेशातील विद्यापीठांत शिकण्यासाठी एक लाख रुपये सरकारने द्यावेत, अशी मागणी त्यात होती. एका व्यक्तीच्या औदार्यावर अवलंबून असलेली मदत सरकारी तिजोरीतील नियमित तरतुदीत बदलावी, असा या मागणीचा अर्थ होता. १९४४-४५ पासून अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या सुरू झाल्या.

१९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. या संस्थेने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय व १९५० मध्ये औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले. औरंगाबादचे महाविद्यालय पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने ओळखले जाऊ लागले. सिद्धार्थ महाविद्यालयाचे वर्ग सकाळच्या वेळी भरत. त्यामुळे दिवसा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना शिक्षण घेणे शक्य झाले.

स्मारके व वारसा

५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने आंबेडकरांना डॉक्टर ऑफ लॉज ही सन्माननीय पदवी दिली. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले व तेथे स्मारक केले. अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून सुरू आहे. महाराष्ट्र शासनाच्या अशाच योजनेस राजर्षी शाहू महाराज यांचे नाव देण्यात आले आहे. तिच्यातून अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना परदेशातील विद्यापीठांचे शुल्क, निर्वाहभत्ता व विमानभाडे मिळते. सोलापूरसह राज्यातील सर्व जिल्ह्यांतील पात्र विद्यार्थी या योजनेसाठी अर्ज करू शकतात.